बाळंतिणीची बाज आणि गावाचं आंगण



घरात बाळंतीण आली की आपल्याला कुणाला काही शिकवावं लागत नाही. डिंक तळला जातो, खारीक-खोबरं कुटलं जातं, अळिवाची खीर होते. लसूण आपल्या स्वयंपाकात नसतो, पण सुंठ, ओवा, मेथी आणि बाळंतशेपा यांच्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी कितीतरी बाळंतपणं निभावून नेली. तेल कोमट होतं, शेगडी पेटते, बाजेवर गोधडी पडते. दूध येतंय का, पोट साफ होतंय का, टाके सुकले का, सगळं विचारून होतं.

"तुला झोप लागते का गं? मन कसं आहे?" हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत राहून जातो. आज त्या प्रश्नाचा इतिहास लिहायला घेतला आहे. त्याचं एक मोठं पान आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात लिहिलं गेलं, आणि तेही गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांच्या हातून. आपण इथे राहून मोहफुलाचा वास ओळखतो, ताडोबाचा वाघ दाखवायला पाहुण्यांना घेऊन जातो, भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथांचं दर्शन घेतो. हे पान मात्र आपल्यातल्या फार थोड्या जणींनी वाचलं आहे.

आपली खोली

आधी आपल्या घरातलं बघू. सूतक प्रत्येकीकडे सारखं नसतं. कुणाकडे घराला दहा दिवस, बाळंतिणीला सवा महिना, तर कुणाकडे पंचेचाळीस दिवस. तोवर देवदर्शन नाही, स्थानकात जाणं नाही, स्वयंपाकघरात पाऊल नाही. या रीतीला नावं ठेवायची म्हणून मी हे लिहीत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या सुनेला हक्काची विश्रांती मिळावी, बाहेरच्या दहा हातांपासून कोवळं बाळ जपलं जावं, एवढं तर या सवा महिन्याने नक्कीच साधलं.

पण ही रीत वाड्यातली आहे. वाड्यात खोलीचं दार आंगणात उघडायचं. बाळंतीण बाजेवर असली तरी पापड लाटणाऱ्या जावा, निवडणं-टिपणं करणाऱ्या नणंदा, ओट्यावर बसलेली शेजारीण यांचे आवाज तिच्या कानावर असायचे. खोली बंद असली तरी ती एकटी नव्हती. आता वाडा गेला आणि खोली तेवढी उरली. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, नवरा दुकानात किंवा ऑफिसात, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आई महिनाभराने आपल्या गावी परत जाते. सोबतीला बाळाचं रडणं आणि हातातला मोबाइल. आपल्या बाळंतिणीला विश्रांती मिळते, सोबत मिळत नाही.

तिकडचं आंगण

आता जंगलाकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ ला जुन्या चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. गोंड, माडिया यांच्या गावांत घर लहान आणि आंगण मोठं. धान पाखडणं, मोहफूल वाळवणं, बाळाला तेल लावणं, सगळं उघड्यावर. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपान. बायका पहाटे जंगलात जातात त्या घोळक्याने, कारण वाघ-अस्वलाच्या मुलखात एकटीने जाण्यात शहाणपण नाही. तान्हं बाळ झोळीत किंवा पाठीशी बांधलेलं. एकीचं बाळ रडलं की दुसरी उचलते.

डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' नावाचं पुस्तक आहे. इकडच्या बायकांनी झाडांविषयी जे सांगितलं ते त्यात आहे, आणि गोईण म्हणजे मैत्रीण. बाईला झाड मैत्रीण वाटावं, इतकं तिचं जगणं घराबाहेर असतं.

पण हे चित्र नुसतं गोड करून सांगितलं तर ते खोटं होईल. त्या बाईला सोबत आहे, पण विश्रांती कुठे आहे? बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत तिला पाणी, सरपण, शेत यांच्यामागे जावं लागतं. मोहाचा हंगाम तिच्यासाठी थांबत नाही. आणि बाहेर असणं म्हणजे सोबत असणं, असंही नाही. माडियांच्या गावांत पाळीच्या दिवसांत बाईने गावाच्या कडेला कुर्मा घरात राहायची रीत आहे. कित्येक ठिकाणी ती मोडकी झोपडी, दार नाही, उजेड नाही, पावसाळ्यात सापाची भीती. तीही उघड्यावरच असते, पण भीतीने रात्र काढते. अलीकडच्या वर्षांत काही गावांत संस्थांच्या मदतीने नीट दार-खिडक्यांची, न्हाणीघराची खोली बांधली गेली. रीत पूर्ण सुटली नाही, निदान भीती कमी झाली.

म्हणजे नुसत्या मोकळ्या हवेने काम भागत नाही. त्या हवेत आपलं कुणी शेजारी बसलेलं लागतं.

मोजणी सुरू झाली

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले आणि 'सर्च' या संस्थेचं काम सुरू झालं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या साडेसहाशेच्या आसपास बायकांची त्यांनी तपासणी केली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगापैकी काही ना काही निघालं, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याआधी जगात बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढाच हिशेब असायचा. या दोन गावांच्या बायकांनी दाखवलं की अंगावर काढलेलं दुखणं कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं.

पुढे धानोऱ्याच्या वाटेवर, चातगावजवळ शोधग्राम उभं राहिलं. तिथला दवाखाना लोकांशी बोलून बांधला. टोलेजंग इमारत नाही. गावासारख्या झोपड्या, समोर मोकळी जागा, रोग्याबरोबर घरच्यांना राहता येईल अशी सोय, आणि नाव लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. आजारी माणसाला आपल्या माणसांपासून तोडायचं नाही, हे शहाणपण आदिवासींनी डॉक्टरांना शिकवलं.

मग आला बाळांचा प्रश्न. १९९३ पासून ३९ गावांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद होऊ लागली. हजार जन्मलेल्या बाळांपैकी ६२ पहिल्या महिन्यातच जात होती. दवाखाना लांब, पावसात रस्ता बंद, आणि सूतकातल्या बाळ-बाळंतिणीला घराबाहेर काढायला घरचे तयार नाहीत. इथे मैत्रिणींनो, आपलं आणि त्यांचं घर किती सारखं आहे बघा.

बंगांनी बाळंतिणीला बाहेर ओढलं नाही, दवाखानाच तिच्या दारी नेला. प्रत्येक गावातली पाचवी ते दहावी शिकलेली एक बाई निवडली, तिला आरोग्यदूत म्हटलं. बाळंतपणाला दाईसोबत हजर राहायचं, मग महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जायचं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. गावात आया आणि आज्या यांना एकत्र बसवून चित्रं दाखवून, खेळ घेऊन समजावायचं. १९९५ मध्ये उपचार सुरू झाले आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ चा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे जगापुढे आलं. २०११ मध्ये भारत सरकारने ही रीत देशभरासाठी घेतली. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. बेचाळीस दिवस, म्हणजे जवळजवळ आपलाच सवा महिना.

न लागलेली झोप

हा सगळा इतिहास बाळांचा म्हणून सांगितला जातो. त्यात आयांचंही एक पान आहे, आणि माझ्या मते आपल्यासाठी तेच महत्त्वाचं.

१९९५-९६ या एका वर्षात त्याच ३९ गावांतल्या ७७२ बाळंतिणींकडे आरोग्यदूत पुन्हा पुन्हा जात राहिल्या आणि आईला काय होतंय तेही लिहीत राहिल्या. बाळंतपणानंतरच्या दिवसांत शंभरातल्या जवळजवळ ४३ जणींना काही ना काही त्रास झाला. छातीत गाठी, दूध साठणं, उशिरा होणारा जास्तीचा रक्तस्राव, जंतुसंसर्ग. आणि त्या यादीत आणखी एक शब्द आहे : निद्रानाश. शंभरात सात जणींहून थोडं जास्त, ७.४ टक्के.

मैत्रिणींनो, हे वाचून मी थबकले. रात्रभर बाळ उठवतं तेव्हा झोप कुणाला लागते, असं आपण म्हणून मोकळं होतो. पण ते आणि हे वेगळं आहे. बाळ झोपलंय, घर झोपलंय, आणि आई डोळे उघडे ठेवून छताकडे बघतेय, याला निद्रानाश म्हणतात. मन आजारी पडत असल्याची ही बरेचदा पहिली खूण असते. एखाद्या शेतमजूर बाईने तेंदूपानाच्या गावात बसून ती खूण वहीत लिहिली, कारण ती दारात बसली होती आणि तिने विचारलं होतं. मोठ्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सुट्टी होते, तिथे ही नोंद झालीच नसती.

मनाची पूर्ण मोजणी तेव्हा झाली नाही. ती दुसरीकडे झाली. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० आयांना बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी विचारलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरात २३ जणी नैराश्यात निघाल्या, आणि सहा महिन्यांनीही आकडा २२ च होता. म्हणजे सवा महिना संपला, न्हाणं झालं, दर्शन झालं, म्हणून दुःख संपत नाही. त्यामागे काय होतं? गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली हे. शेवटचं कारण वाचताना आपण आपल्याच समाजाकडेही बघू या. लक्ष्मी आली असं म्हणताना आपला आवाज कसा येतो, ते बाजेवरच्या बाईला बरोबर कळतं.

दारूच्या बाबतीत तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या बायकांनी रस्त्यावर येऊन इतिहास केला. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या, २०१५ मध्ये बंदी झाली, २०२१ मध्ये उठली. कायदा असावा की नसावा यावर वाद घालणारे घालोत. रात्री पिऊन येणाऱ्याची वाट बघत बाळाला पोटाशी धरून बसलेल्या बाईचं मन कशाने आजारी पडतं, हे त्या चालणाऱ्या बायकांना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

झाडाखालची बैठक

मग उपाय काय? याचं उत्तर आपल्या गडचिरोलीसारख्याच मुलखातून आलं. झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी गावांत 'एकजुट' संस्थेने बायकांच्या महिन्याच्या बैठका सुरू केल्या. डॉक्टर नाही, औषध नाही. गावातली एक बाई बैठक चालवणार. कुणाचं बाळ गेलं, का गेलं, आपण काय करू शकलो असतो, यावर गोष्टी, चित्रं, खेळ यांतून बोलायचं आणि गावाने मिळून काहीतरी ठरवायचं. २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. आणि तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम तीव्रतेचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी!

या बैठका नैराश्यासाठी घेतल्याच नव्हत्या. बायका एकत्र बसल्या, बोलल्या, एकमेकींच्या घरी जाऊ लागल्या, आणि मन हलकं झालं. पुढे गोव्यात नैराश्यात असलेल्या गरोदर बायकांसाठी त्यांच्यासारख्याच साध्या आया शिकवून तयार केल्या. त्यांना नाव दिलं सखी. सखी घरी यायची, ऐकून घ्यायची, छोटी-छोटी कामं ठरवायला मदत करायची. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत बऱ्या झालेल्यांचं प्रमाण अशा घरांत जास्त दिसलं. तो अभ्यास २०१९ चा. गोईण, सखी, आरोग्यदूत. नावं वेगळी, काम एकच.

त्रिशलामातेचं दुःख

आपल्याकडे याची आठवण नाही असं नाही. श्वेतांबर परंपरेत पर्युषणात कल्पसूत्र वाचलं जातं. त्यात प्रसंग येतो : आईला त्रास नको म्हणून गर्भातले वर्धमान हालचाल थांबवतात. त्रिशलामातेला वाटतं, माझा गर्भ गेला. ती शोक करते. राजवाड्यातलं गाणं-वाजवणं थांबतं, सगळं घर तिच्या दुःखात उतरतं. मग गर्भ हलतो, तिचा जीव भांड्यात पडतो, आणि आईवडील असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही असा निश्चय भगवान गर्भातच करतात.

दिगंबर मैत्रिणींच्या ग्रंथांत हा प्रसंग नाही, हे मला माहीत आहे. तरी आई म्हणून आपण सगळ्याच तो ऐकू शकतो. राणीला कुणी म्हटलं नाही की काय हा वेडेपणा, इतकं वैभव आहे, रडतेस कशाला. ज्यांच्यासाठी ती रडली, त्यांनी स्वतः तिच्या रडण्याची दखल घेतली. आईचं मन दुखवणं ही हिंसाच आहे, हे याहून सोप्या शब्दांत कसं सांगणार?

आपल्या मंडळाने काय करावं

आपलं महिला मंडळ डोहाळजेवण थाटात करतं, तपस्येची अनुमोदना करतं, चातुर्मासात रोज दुपारी जमतं. बाळ झाल्यावर मात्र आपण झबलं-टोपडं देऊन, पेढा खाऊन परत येतो. ज्या दिवसांत तिला आपली सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच दिवस आपण सूतक म्हणून सोडून देतो. सूतक देवदर्शनाला आहे, तिच्या आंगणात बसायला नाही. माझं म्हणणं साधं आहे.

प्रत्येक बाळंतिणीला मंडळाने एक सोबतीण द्यावी. शक्यतो नातेवाईक नको, म्हणजे तिला सासर-माहेरचं दोन्ही बोलता येईल. आशाताईच्याच दिवसांनी जावं, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या. पण बेचाळिसाव्या दिवशी थांबू नये. सहा महिने जात राहावं. आपल्यापैकी किती जणींच्या फ्लॅटचं दार आशाताई वाजवते, सांगा बरं?

खोलीत बसू नये. तिला अंग झाकून, बाळ गुंडाळून, कोवळ्या उन्हात गच्चीवर, फाटकाशी, सोसायटीच्या कडुलिंबाखाली आणावं. अर्धा तास पुरे. सवा महिन्यानंतर आठवड्यातून एकदा तीन-चार नव्या आयांना मंदिराच्या किंवा स्थानकाच्या आवारात एकत्र बसवावं. त्यांचं त्या बोलतील.

पहिला प्रश्न झोपेचा विचारावा. बाळ झोपलं की तुला झोप लागते का? मग गप्प बसावं. आमच्या वेळी असं नव्हतं, हे वाक्य चप्पल काढतो तिथेच ठेवून आत जावं.

चातुर्मासात आणखी एक जपावं. उपवास नाही, प्रतिक्रमण नाही, या वर्षी माझं काहीच झालं नाही, असं नव्या आईच्या मनात डाचत असतं. तिच्यापुढे कुणाच्या मासखमणाचं कौतुक करताना हे लक्षात असू द्यावं. रात्री चार वेळा उठून बाळाला पाजणाऱ्या बाईला उपवासावरून कुणी हिणवू नये.

आणि काही वेळा आपली सोबत पुरणार नाही, हेही समजून असावं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, जेवण-झोप गेली, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर डॉक्टरांकडे न्यायचं. जगावंसं वाटत नाही असं ती म्हणाली, भलतेच आवाज ऐकू येऊ लागले, बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर उद्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी न्यायचं, आणि तोवर तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. हा क्रमांक डिंकाच्या डब्यावर चिकटवून ठेवा. नजर लागली, बाधा झाली म्हणत दोन महिने घालवले तर ते दोन महिने आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येऊ शकतात.

बारा तपांमध्ये सहा आभ्यंतर तपं, आणि त्यात एक वैयावृत्त्य. त्याचा मूळ अर्थ साधू-साध्वींची सेवा, आणि ती आपण मनापासून करतो. महाराज साहेब विहारात थकले तर आपण विचारतो, शाता आहे ना? हाच प्रश्न, याच आवाजात, बाजेवरच्या लेकीसुनेला विचारायचा आहे. गडचिरोलीतल्या पाचवी शिकलेल्या बाईला तो विचारता आला आणि वहीत लिहिता आला. आपल्यालाही जमेल.

या महिन्यात आपल्या गल्लीत, आपल्या सोसायटीत कुणाकडे पाळणा हलला आहे, ते आजच बघा. आणि जाताना पेढे घेण्याऐवजी अर्धा तास घेऊन जा.

जय जिनेंद्र.